गिऱ्हाईक म्हणून आपला हक्क नेमका कुठपर्यंत?

उंबरठा

परवा एका काउंटरवर रांगेत उभी होते. माझ्या पुढे दोघे. सगळ्यात पुढच्या गृहस्थांचं काम एका कागदावाचून अडलं होतं. कागद त्यांनी आणला नव्हता आणि तो जोडल्याशिवाय कॉम्प्युटर पुढच्या पानावर जात नव्हता. काउंटरमागची मुलगी बावीस-तेवीसची असेल. ती तेच तिसऱ्यांदा सांगत होती, पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे. गृहस्थांचा आवाज मात्र दर खेपेला चढत होता. शेवटी ते वाक्य आलंच. "तुझा पगार कुणाच्या पैशातून होतो, माहितीये ना?"

ती म्हणाली, "सर, मी आपली गैरसोय समजू शकते."

माझ्या पोटात कालवलं. हे वाक्य मी चार वर्षं रोज म्हटलं आहे. कॉल सेंटरमध्ये होते. ते वाक्य मनातून येत नाही, लिहून दिलेलं असतं. समोरचा चिडला की हे, शिवी दिली की ते, "मॅनेजरला द्या" म्हणाला की तिसरं. आवाज हसरा ठेवायचा, कारण ट्रेनिंगमध्ये शिकवतात की ओठांवरचं हसू फोनवरही ऐकू जातं. आणि काही झालं तरी फोन आपण आधी ठेवायचा नाही.

एका बाईंनी मला सतरा मिनिटं ऐकवलं होतं. आकडा पक्का आठवतो, कारण कॉलचं घड्याळ डोळ्यांसमोर पळत असतं. त्यांचे पैसे दोनदा कापले गेले होते, म्हणजे राग अगदी रास्त. पण पैसे परत करायची सोय माझ्या स्क्रीनवर नव्हतीच. मला फक्त तक्रार नोंदवता येत होती आणि ती मी पहिल्या तीन मिनिटांत नोंदवली होती. पुढची चौदा मिनिटं माझं शिक्षण, माझी अक्कल आणि माझे आईबाप यांवर गेली. तो कॉल संपला आणि लगेच पुढचा कानात वाजला. एक आजोबा होते, पासवर्ड विसरले होते. मी त्यांच्याशी तुटक बोलले. त्यांनी दोनदा "सॉरी हं बाळ" म्हटलं. बाईंनी काय काय म्हटलं ते आता आठवत नाही. ते "सॉरी" आठवतं.

तर प्रश्न असा आहे. पैसे मोजून आपण काय विकत घेतो? वस्तू, काम, कुणाचा तरी वेळ. ते नीट मिळालं नाही तर भांडायचा पूर्ण हक्क आहे आणि तो सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण समोरच्याने मान खाली घालून ऐकून घ्यायचं, हे त्या पैशांत कधीपासून धरलं जाऊ लागलं? गिऱ्हाईकाला निघून जाता येतं, दुसरीकडे जाता येतं, लेखी तक्रार करता येते. काउंटरमागच्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. माझ्यापुरती हक्काची हद्द मी इथे आखते: ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यावर आवाज चढवायचा नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी जास्त टोचते आहे. मी त्या रांगेत गप्प उभी राहिले. चार वर्षं तिच्या जागी बसून झाल्यावरही. तुम्ही अशा वेळी काय करता?

निळी_शाई

आठ वर्षं दुकानात काउंटरवर आहे. आरडाओरडा करणारे महिन्यातून एक-दोन भेटतात. त्यांचं तितकं वाटत नाही, कारण तिथे निदान आजूबाजूच्यांनाही दिसतं की काहीतरी चुकीचं चाललंय.

रोजचं वेगळं असतं. पैसे हातात न देता काउंटरवर टाकायचे आणि सुट्टे मात्र हात पुढे करून घ्यायचे. फोनवर बोलत बोलत बोटाने वस्तू दाखवायची. आपण "पिशवी देऊ का?" विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचं आणि मग दारातून परत येऊन "पिशवी कुठंय?" म्हणून खेकसायचं. शटर अर्धं खाली आलेलं असताना वाकून आत शिरायचं आणि "दोनच मिनिटं" म्हणत अर्धा तास काढायचा. यातल्या एकाही गोष्टीची तक्रार कुणाकडे करता येत नाही. "काय झालं?" असं कुणी विचारलं तर सांगणार काय, की माझ्याकडे बघितलं नाही?

आणि "ए". आपल्या भाषेत अहो-जाहो आणि अरे-तुरे या दोन वाटा आहेत. कोणत्या वाटेने जायचं हे माणूस एका क्षणात ठरवतो, बहुतेक वेळा कपड्यांवरून आणि काउंटरच्या कोणत्या बाजूला उभा आहेस त्यावरून. माझ्या निम्म्या वयाचा मुलगा मला "ए, हे दाखव" म्हणतो. त्याच्या बरोबरची आई काही बोलत नाही, कारण तीही तेच म्हणत असते.

पायवाट

लेख मनापासून लिहिला आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

आईच्या ऑपरेशननंतर विम्याच्या क्लेमसाठी मी पाच आठवड्यांत अकरा फोन केले. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि तेच "४८ तासांत संपर्क केला जाईल". पहिले दहा फोन मी अत्यंत सभ्यपणे केले. नाव विचारलं, आभार मानले, थांबलो. काहीही झालं नाही. अकराव्या फोनला माझा तोल गेला. मी ओरडलो, आणि सांगायला चांगलं वाटत नाही, पण त्या मुलाला नको ते बोललो. दोन तासांत वरिष्ठांचा फोन आला. पाच आठवडे न सापडलेली फाइल सापडली.

आता मला सांगा, मी यातून काय शिकायचं? ज्यांच्या हातात निर्णय आहे ते फोनवर येतच नाहीत. त्यांनी मधे एक मुलगा बसवलाय ज्याच्या हातात काही नाही. मग माझा आवाज वरपर्यंत जायला दुसरी वाट कोणती? "सौजन्याने वागा" असं ग्राहकाला सांगणं फार सोपं आहे. ज्या व्यवस्थेत सौजन्याने काम होत नाही, तिला कोण सांगणार?

आठवा_मजला

पायवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला हवं, कारण अशा यंत्रणा मी उभ्या केल्या आहेत. बरीच वर्षं ग्राहकसेवा विभाग सांभाळला.

तुम्हाला जो अनुभव आला तो अपघात नाही. पहिल्या पायरीवरच्या माणसाला मुद्दामच कमी अधिकार दिलेले असतात. पैसे परत करायचे, नियम शिथिल करायचा, फाइल वर पाठवायची, यातलं प्रत्येक काम खर्चाचं असतं. त्यामुळे ती दारं जितकी आत तितकं बरं, असा विचार असतो. वर प्रत्येक कॉल सरासरी किती मिनिटांत संपला हे मोजलं जातं. त्या मुलाने तुमची फाइल शोधायला वीस मिनिटं घालवली असती, तर त्याचाच आकडा बिघडला असता. आणि कुणी फारच आवाज चढवला, वकिलाचं किंवा वर्तमानपत्राचं नाव घेतलं, की त्या कॉलवर खूण होते आणि तो वर जातो. शांत माणूस आमच्या तक्त्यांत दिसायचाच नाही. दहा वेळा सभ्यपणे फोन करणारा म्हणजे दहा वेळा "कॉल यशस्वीपणे पूर्ण".

म्हणजे ओरडायला आम्हीच शिकवलं. ओरडणाऱ्याला बक्षीस आणि थांबणाऱ्याला आणखी थांबणं. माझ्या कारकिर्दीत ही गोष्ट मी बैठकीत दोनदा मांडली, तिसऱ्यांदा मांडली नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

पण एक सांगतो. तुमची फाइल त्या मुलाला बोललेल्या शब्दांमुळे हलली नाही, कॉलवर खूण पडल्यामुळे हलली. ती खूण अपमान न करताही पाडून घेता येते. "मला ही तक्रार वरच्या टप्प्यावर न्यायची आहे, तसं नोंदवा आणि नोंदवलेलं वाक्य मला वाचून दाखवा," असं स्पष्ट म्हणायचं. लेखी उत्तर मागायचं. पुढच्या टप्प्यावरच्या अधिकाऱ्याचं पद आणि मुदत विचारायची. आधीचे सगळे क्रमांक एकाच पत्रात, तारखांसह, तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचे. दहा सुटे फोन कुणाला जोडून दिसत नाहीत, एक पत्र दिसतं.

कंदील

"ग्राहक नेहमीच बरोबर असतो" हे वाक्य अशा वादांत हमखास येतं, म्हणून त्याचा थोडा इतिहास.

हे वाक्य साधारण एकोणिसावं शतक संपतानाचं आणि विसावं सुरू होतानाचं. मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स उभी राहत होती तेव्हाचं. शिकागोचे मार्शल फील्ड आणि त्यांच्याकडे अनेक वर्षं काम करून पुढे १९०९ मध्ये लंडनला स्वतःचं प्रचंड दुकान उघडणारे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज, दोघांच्याही नावावर ते सांगितलं जातं. हॉटेलवाले सेझार रिट्झ यांच्या नावावर "ग्राहक कधीच चुकत नाही" असं फ्रेंच रूप आहे.

त्या आधीचा रिवाज काय होता ते पाहा: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. माल खराब निघाला तर तुमचं नशीब. अशा काळात एखाद्या दुकानाने "तुमची तक्रार आम्ही खरी मानू, माल परत घेऊ" असं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. ते मालकाने मालाबद्दल दिलेलं वचन होतं. विक्रेत्याला काय वाटेल ते बोलायची परवानगी त्यात कुठेच नव्हती. मालकाने दिलेल्या वचनाची किंमत नोकराने चुकवायची, असा अर्थ नंतर चिकटला.

जपानमधलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. "ग्राहक म्हणजे देव" हे वाक्य तिथे गायक हारुओ मिनामी यांच्यामुळे घरोघरी गेलं. १९६१ च्या सुमारास रंगमंचावरच्या संवादात त्यांनी ते वापरलं. त्यांचा अर्थ असा होता, की गाताना मी देवासमोर उभा आहे असं समजून मन स्वच्छ करून गातो. म्हणजे ती कलाकाराची स्वतःशी बांधिलकी होती. पुढे लोक ते वाक्य दुकानांत आणि हॉटेलांत "मी देव आहे, माझं ऐक" अशा अर्थाने फेकू लागले, आणि आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं हे त्यांना स्पष्ट करावं लागलं.

देणाऱ्याने नम्रतेने म्हटलेलं वाक्य घेणाऱ्याने हिसकावून घेतलं की काय होतं, ते यात दिसतं.

सावली

हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमच्याकडे येणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायचं की नाही हा वेगळा वाद, पण हल्ली बिल हातात आलं की माणसं त्याच भाषेत बोलतात.

मी एक फरक करायला शिकले आहे. रात्री दोन वाजता कुणी "लवकर बघा ना!" म्हणून ओरडतं, ती भीती असते. आत त्यांचं माणूस असतं. त्या ओरडण्याचा मला राग येत नाही. मी खांद्यावर हात ठेवते, दोन वाक्यं बोलते, बहुतेक जण लगेच रडतात आणि माफी मागतात.

पण दुसऱ्या प्रकारचाही राग असतो. एका गृहस्थांनी माझ्या अंगावर फाइल भिरकावली. रिपोर्ट यायला उशीर झाला होता, जो लॅबकडून येतो. ते मला म्हणत होते, "मला काही सुचत नाहीये, माझा स्वतःवर ताबा नाहीये." तेवढ्यात डॉक्टर आले. क्षणात आवाज खाली, "नमस्कार डॉक्टर, या ना." रिपोर्टच्या उशिराबद्दल डॉक्टरांना एक शब्द नाही.

तेव्हापासून मी हेच बघते. ताबा सुटलेला माणूस समोर कोण आहे ते बघत नाही. ज्याचा राग माणूस निवडून बाहेर येतो, त्याचा ताबा सुटलेला नसतो.

पायवाट

सावली, हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. अकराव्या फोनला मी त्या मुलाला जे बोललो ते दोन तासांनी आलेल्या वरिष्ठांना बोललो नाही. त्यांच्याशी मी नीटच बोललो. मला वाटत होतं, फाइल सापडली म्हणून राग उतरला.

हेलपाटा

मी घरोघरी पार्सल पोचवतो. थोडक्यात लिहितो.

वेळ मी ठरवत नाही, ॲप ठरवतं. नकाशावरची खूण चुकीच्या गल्लीत टाकलेली असते, ती गिऱ्हाईकानेच टाकलेली असते. फोन केला तर उचलत नाहीत, उचलला तर "तुला पत्ता वाचता येत नाही का?" पाऊस असो, ऊन असो, दार उघडल्यावर पहिला शब्द "किती उशीर!" आणि मग मीच हसून म्हणायचं, "पाच स्टार द्या ना." हे मागताना फार जिवावर येतं. पण स्टार कमी झाले तर काम कमी मिळतं, कधी बंदही होतं. का कमी झाले ते कुणी विचारत नाही. वस्तू आतून फुटलेली निघाली तरी स्टार माझे जातात.

कुणी "पाणी हवंय का?" विचारलं की दिवस बरा जातो. रोज विचारा असं म्हणत नाही. निदान दार तोंडावर आपटू नका.

आठवा_मजला

हेलपाटा यांनी स्टारचा विषय काढला म्हणून मार्कांबद्दल सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

"आमची शिफारस तुम्ही मित्रांना किती कराल? ० ते १० मध्ये सांगा" असा प्रश्न तुम्हाला आला असेल. ही पद्धत फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडली आणि जगभर पसरली. त्यात ९ आणि १० देणारे तेवढे समर्थक धरतात. ७ आणि ८ तटस्थ, म्हणजे हिशेबात शून्य. ० पासून ६ पर्यंत सगळे नाराज. समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करतात आणि उरेल तो आकडा.

आपण शाळेत शिकलो की ८ म्हणजे छान आणि ६ म्हणजे ठीकठाक. म्हणून आपण प्रामाणिकपणे ६ देतो आणि मनात कुणाबद्दल वाईट नसतं. तिकडे तो ६ आणि शिवी घालून दिलेला ० एकाच रकान्यात बसतो. मूळ प्रश्न पूर्ण कंपनीबद्दल होता. पण अनेक ठिकाणी तो आकडा शेवटी फोनवर बोललेल्या माणसाच्या नावापुढे लिहिला जातो आणि त्यावर त्याचा भत्ता ठरतो. कंपनीच्या नियमावर चिडून दिलेला ३ त्या मुलीच्या खिशातून जातो.

म्हणून माझी विनंती: मार्क देताना खाली लिहायची जागा असेल तर "माणसाने चांगली मदत केली, नियम चुकीचा आहे" इतकं जरूर लिहा. ते वाचणारी माणसं असतात, मी त्यांतला एक होतो.

वाळूचं_घड्याळ

मला इथे थोडा वेगळा सूर लावायचा आहे. हल्ली अनेक ठिकाणी मोठी पाटी असते: "कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही." चांगलंच आहे. पण त्याच पाटीखाली तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलेलं नसतं. मी एकदा शांतपणे "हे शुल्क कशाचं?" एवढंच विचारलं, दोनदा विचारलं, तर मला त्या पाटीकडे बोट दाखवण्यात आलं. म्हणजे कर्मचाऱ्याच्या प्रतिष्ठेची ढाल करून मागे मालक सुरक्षित. प्रश्न विचारणं म्हणजे गैरवर्तन असं ठरू लागलं तर ग्राहकाकडे काय उरलं? ग्राहकांचे हक्क फुकट मिळालेले नाहीत, ते लोकांनी भांडून मिळवले आहेत.

चौकट

वाळूचं_घड्याळ यांची भीती रास्त आहे, आणि कायदे करणाऱ्यांनाही ती दिसलेली आहे. माझं काम याच विषयाशी जोडलेलं आहे म्हणून जरा सविस्तर.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये कामाच्या जागेवरील हिंसा आणि छळ यांबद्दल १९० क्रमांकाचा करार स्वीकारला. २५ जून २०२१ पासून तो अमलात आला. त्याच्या सोबतच्या २०६ क्रमांकाच्या शिफारशीत, कामाच्या जागचे धोके तपासताना ग्राहक, रुग्ण आणि येणारेजाणारे लोक यांच्याकडून होणारा त्रासही धरावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे छळ फक्त साहेबाकडून होतो ही जुनी समजूत तिथे मागे पडली.

दक्षिण कोरियात १८ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेली तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ग्राहकाच्या शिवीगाळीमुळे कर्मचाऱ्याच्या प्रकृतीला धोका असेल, तर मालकाने त्याचं काम तात्पुरतं थांबवायचं किंवा बदलायचं, विश्रांतीचा वेळ वाढवायचा, उपचारांना मदत करायची. कर्मचाऱ्याने अशी मागणी केली म्हणून त्याला काढता येत नाही. उंबरठा यांनी लिहिलंय ना, "फोन आपण आधी ठेवायचा नाही". त्या एका नियमावर घाव घालणारा हा कायदा आहे. आणि जबाबदारी कुणावर टाकली ते बघा, मालकावर.

टोकियो महानगराने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध अध्यादेश मंजूर केला. १ एप्रिल २०२५ पासून तो लागू आहे. जपानमधला या प्रकारचा पहिलाच. त्यात शिक्षा नाही, पण कुणीही असा छळ करू नये हे लेखी आलं. वाळूचं_घड्याळ, तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हे लागू करताना ग्राहकांच्या हक्कांवर अन्याय होऊ नये, असंही त्याच अध्यादेशात म्हटलं आहे. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून दुकानातल्या कर्मचाऱ्यावर हल्ला करणं, धमकावणं किंवा शिवीगाळ करणं हा वेगळा गुन्हा आहे.

आणि विमान. १९६३ च्या टोकियो करारापासून विमानाच्या कॅप्टनला अधिकार आहे, की सुरक्षितता किंवा शिस्त धोक्यात आणणाऱ्या प्रवाशाला आवरायचं आणि खाली उतरवायचं. तिकिटाचे पैसे त्यानेही भरलेले असतात. तिथे कुणी म्हणत नाही की ग्राहक नेहमीच बरोबर असतो.

उंबरठा

चौकट, फार आभार. मी ते चार वर्षांत कुणाकडून ऐकलं असतं तर निदान कळलं असतं की मला होतंय त्याला नाव आहे.

त्या नावाबद्दलच लिहायचं होतं. समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये "भावनिक श्रम" ही कल्पना मांडली. त्यांनी विमानातले सेवक-सेविका आणि थकबाकी वसूल करणारी माणसं यांचा अभ्यास केला. पहिल्यांना वाटतं त्यापेक्षा गोड वागण्याचा पगार, दुसऱ्यांना वाटतं त्यापेक्षा कडक वागण्याचा. त्या म्हणतात की हे दोन तऱ्हांनी केलं जातं. एक, नुसता चेहरा आणि आवाज बदलायचा. दोन, आतूनच तसं वाटून घ्यायचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये दुसरी तऱ्हा शिकवायचे: "समजा, समोर तुमचीच आई आहे." मी इमानदारीने तसं समजायचे. मग आईच्या जागी बसवलेल्या बाई माझ्या आईबापांवर घसरल्या की काय होतं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

घरी गेल्यावर मी बोलायचेच नाही. घरच्यांना वाटायचं रुसली आहे. खरं तर दिवसभराचं बोलणं खर्च झालेलं असायचं.

पायवाट, तुमचा क्लेम आणि तुमचा राग, दोन्ही खरे आहेत, हे मला पुन्हा सांगायचं आहे. मी तुमच्या बाजूने कंपनीला पत्र लिहायला तयार आहे. फक्त त्या मुलाला मधून बाजूला करू या.

निळी_शाई

उंबरठा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. मागे उभं राहून काय करायचं?

भांडायला मधे पडू नका. मागच्याने सुनावलं की पुढचा आणखी चिडतो आणि मागचा निघून गेल्यावर ते आमच्यावरच निघतं. आम्हाला खरी मदत होते ती साध्या गोष्टीने. एकदा असंच चाललं होतं, तेव्हा रांगेतल्या एक आजी पुढे आल्या आणि त्या माणसाला म्हणाल्या, "काय अडलंय तुमचं? मला सांगा, मी ऐकते." त्याने त्यांना सांगितलं. सांगताना आवाज आपोआप उतरला, कारण आजींवर ओरडणार कसा? मग आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय करता येईल?" मी सांगितलं. दोन मिनिटांत मिटलं.

आणि तेही जमलं नाही तर नंतर आपली पाळी आली की नुसतं डोळ्यांत बघून बोला. घाईत मान वळवू नका. आम्हाला वाटत असतं, मागे उभ्या सगळ्यांना त्याचंच पटतंय.

वाळूचं_घड्याळ

चौकट, तो हक्कांचा मुद्दा माहीत नव्हता. पटला. पाटीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे: गैरवर्तनाची पाटी लावली तर तिच्या शेजारीच तक्रार कुठे करायची तेही लिहा. दुसरं नसेल तर पहिलीला अर्थ नाही.

सावली

याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या वॉर्डात तसं केलं होतं. निम्मी भांडणं कमी झाली असं मी म्हणणार नाही, मोजली नाहीत. पण लोकांना बोट दाखवायला मला एक जागा मिळाली.

पायवाट

धाग्यावर परत आलो ते सांगायला. आज पुन्हा फोन केला. एक मुलगी होती. सुरुवातीलाच विचारलं, "या तक्रारीत तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते आधी सांगाल का?" ती जरा थांबली. मग तिने सरळ सांगितलं: फाइल उघडता येते, शेरा लिहिता येतो, मंजुरी देता येत नाही, मंजुरी देणाऱ्यांचा नंबर तिलाही माहीत नाही. मी शेरा लिहून घेतला, तो वाचून दाखवायला लावला आणि पत्राचा पत्ता घेतला. आठ मिनिटं लागली.

क्लेम अजून अडकलेलाच आहे. पत्र आज रात्री लिहितो आहे. उंबरठा, मसुदा तुम्हाला पाठवला तर बघाल का? त्या मुलाचं नाव मी त्या दिवशी लिहून घेतलं होतं, तक्रार करायची म्हणून. आता पत्रात त्याच्याबद्दलही चार ओळी लिहायच्या आहेत, पण कशा लिहायच्या ते सुचत नाही.

उंबरठा

नक्की पाठवा. त्या चार ओळी आधी लिहा, बाकीचं पत्र मग.

आज माझ्या उरलेल्या कामासाठी त्याच काउंटरवर गेले होते. तीच मुलगी होती. काम झाल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी ते गृहस्थ तुम्हाला पगारावरून बोलले ना, तेव्हा मी मागेच उभी होते. काही बोलले नाही. चुकलं माझं."

तिने माझ्याकडे पाहिलं, आठवायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "कोणत्या दिवशी, मॅडम?"